थेट नको, तिरपं जा: केर्बल स्पेस प्रोग्राममध्ये ईव्ह आणि केर्बिनच्या फ्लायबायने जूल गाठणं

केर्बल स्पेस प्रोग्राम या रॉकेट उडवायच्या संगणक-खेळात केर्बिन या घरच्या ग्रहाभोवती ८० किलोमीटर उंचीच्या कक्षेतून थेट जूल या महाकाय ग्रहाकडे निघायचं तर साधारण १,९२५ मी/से डेल्टा-व्ही, म्हणजे इंजिनाने घडवायचा वेगातला बदल, लागतो. तीच मोहीम ईव्ह हा ग्रह आणि केर्बिन यांच्या जवळून वळवत नेली (यालाच फ्लायबाय म्हणतात) तर सुमारे १,२५० मी/सेमध्ये भागते. हा फरक मोठा आहे. एवढ्या बचतीत रॉकेटची एक आख्खी स्टेज गळते, किंवा तेवढ्याच रॉकेटवर जूलच्या टायलो या चंद्रावर उतरणारं लँडर बसतं.

हा मार्ग खेळातल्या लोकांनी कल्पनेने शोधलेला नाही. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेनंतर शटलमधून द्रवरूप हायड्रोजनवर चालणारी सेंटॉर स्टेज नेणं रद्द झालं आणि गॅलिलिओ यानाला गुरूकडे थेट फेकणारं इंजिनच उरलं नाही. मग ते यान १८ ऑक्टोबर १९८९ ला निघालं ते उलट दिशेने, शुक्राकडे. १० फेब्रुवारी १९९० ला शुक्र, ८ डिसेंबर १९९० ला पृथ्वी ९६० किलोमीटरवरून, बरोबर दोन वर्षांनी ८ डिसेंबर १९९२ ला पुन्हा पृथ्वी ३०३ किलोमीटरवरून, आणि ७ डिसेंबर १९९५ ला गुरू. खेळात शुक्राच्या जागी ईव्ह, पृथ्वीच्या जागी केर्बिन आणि गुरूच्या जागी जूल ठेवला की तीच वाट मिळते.

मात्र बहुतेक नवे खेळाडू ईव्हपर्यंत व्यवस्थित पोहोचतात, फ्लायबाय करतात आणि बघतात तर कक्षा वाढायच्या ऐवजी लहानच झालेली असते. चूक फ्लायबायमध्ये नसते. ती केर्बिन सोडतानाच झालेली असते. हा लेख मुख्यतः त्या चुकीबद्दल आहे.

आधी एसटीतला कंडक्टर

धावत्या एसटीत कंडक्टर तिकिटं काढत फिरतो. त्याचा चालण्याचा वेग गाडीच्या मानाने ठरलेला असतो. तो ड्रायव्हरकडे चालत असेल तर रस्त्याच्या मानाने गाडीपेक्षा किंचित वेगात असतो, मागच्या सीटकडे चालत असेल तर किंचित हळू. चालण्याचा वेग तोच, दिशा बदलली की रस्त्याच्या मानाने वेग बदलतो.

फ्लायबायमध्ये नेमकं हेच होतं. एसटी म्हणजे ग्रह, रस्ता म्हणजे सूर्य, कंडक्टर म्हणजे तुमचं यान. ग्रहाच्या प्रभावक्षेत्रात, म्हणजे जिथे खेळ त्याचंच गुरुत्वाकर्षण धरतो त्या भागात, शिरताना यानाचा ग्रहाच्या मानाने जेवढा वेग असतो, बाहेर पडताना तेवढाच असतो. या वेगाला मी शिल्लक वेग म्हणतो. ग्रह तो वाढवत नाही की घटवत नाही, फक्त त्याची दिशा फिरवतो. यान ग्रहाच्या मागून गेलं, म्हणजे ग्रह ज्या बाजूने आला त्या बाजूने, तर गुरुत्वाकर्षण यानाला ग्रहाच्या पुढच्या दिशेला ओढतं आणि सूर्याच्या मानाने वेग वाढतो. पुढून गेलं तर वेग कमी होतो.

आता यातली मेख. कंडक्टर आधीच ड्रायव्हरकडे चालत असेल तर त्याला कुठेही वळवा, रस्त्याच्या मानाने त्याचा वेग कमीच होणार. केर्बिनहून ईव्हकडे नेहमीच्या, सर्वांत स्वस्त होमान मार्गाने गेलात तर यान ईव्हला आपल्या कक्षेच्या सूर्याजवळच्या टोकावर भेटतं. तिथे यानाचा वेग सुमारे ११,७६५ मी/से, ईव्हचा १०,९२०. शिल्लक वेग ८४५ मी/से, आणि तो सगळा ईव्हच्या पुढच्या दिशेलाच. वाढवायला काही उरलेलंच नाही. होमान मार्ग उतरायला जाणाऱ्यांसाठी उत्तम आहे, फ्लायबायला मात्र तो मारक ठरतो. फ्लायबायसाठी ग्रहाची कक्षा तिरपी कापत जायचं असतं.

खेळाची तयारी

हे एकदाच करायचं काम आहे. करिअर मोडमध्ये असाल तर ट्रॅकिंग स्टेशन आणि मिशन कंट्रोल दोन्ही दुसऱ्या पातळीवर न्या, त्याशिवाय मॅन्युव्हर नोड, म्हणजे इंजिन कुठे, किती आणि कोणत्या दिशेने चालवायचं ते नकाशावर आखायच्या खुणा, मिळत नाहीत. मग खेळाच्या फोल्डरमधली सेटिंग्ज फाइल उघडून त्यातली कॉनिक पॅच लिमिट, म्हणजे नकाशाने मार्गाचे पुढचे किती तुकडे दाखवायचे ती मर्यादा, ५ किंवा ६ करा. ही मर्यादा कमी असली की ईव्हनंतर केर्बिनची भेट होत असूनही नकाशा ती दाखवत नाही आणि तुम्ही चांगला मार्ग सोडून देता. तिथेच असलेला कॉनिक पॅच ड्रॉ मोड ० केला की फ्लायबायचा मार्ग त्या ग्रहाभोवतीच काढला जातो. ग्रहावर फोकस व्ह्यू लावून पाहिलं की यान कोणत्या बाजूने जातंय ते स्पष्ट दिसतं.

खेळाची १.१२ आवृत्ती असेल तर अलार्म घड्याळ आतच आहे. एका मोहिमेत चार-पाच भेटी आणि दहा-बारा दुरुस्त्या असतात, त्या लक्षात ठेवायचा प्रयत्न करू नका. १.७ पासून पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात नोडचे आकडे बारीक पायऱ्यांनी बदलायची सोय आली आहे. फ्लायबायच्या कामात रंगीत दांड्या माउसने ओढण्याऐवजी तीच वापरा, कारण इथे ०.१ मी/सेसुद्धा मोजावा लागतो. आणि प्रत्येक मोठ्या नोडआधी ऑल्ट-एफ५ दाबून नावानिशी सेव्ह करा. साधा क्विकसेव्ह पुढच्या क्विकसेव्हखाली गाडला जातो.

मुनवर सराव

जूलचा विचार करण्याआधी एक संध्याकाळ मुनला, म्हणजे केर्बिनच्या चंद्राला, द्या. मुन केर्बिनपासून १२,००० किलोमीटरवर ५४३ मी/से वेगाने फिरतो आणि दोन दिवसांत सगळा खेळ संपतो, त्यामुळे चुका लगेच कळतात.

पहिल्या फेरीत नेहमीसारखा नोड टाका, ८५५ मी/सेच्या आसपास, अपोअप्सिस (कक्षेचं सर्वांत दूरचं टोक) मुनच्या कक्षेला जेमतेम टेकेल असा. मुनच्या मागून, १५ किलोमीटर उंचीवरून जा. मुनवरचे सर्वांत उंच डोंगर सुमारे ७ किलोमीटरचे आहेत, म्हणजे १५ सुरक्षित. आता नेव्हबॉलवरच्या, म्हणजे पडद्यावरच्या दिशादर्शक गोळ्यावरच्या, वेगाकडे नीट बघा. प्रभावक्षेत्रात शिरताच आकडा एकदम बदलतो. यानाला काही झालेलं नसतं, मोजणारा बदललेला असतो. आतापर्यंत वेग केर्बिनच्या मानाने होता, आता तो मुनच्या मानाने आहे. शिरतानाचे दोन्ही आकडे वहीत लिहा. बाहेर पडताना पुन्हा दोन्ही लिहा. मुनच्या मानाने शिरतानाचा आणि निघतानाचा आकडा सारखाच दिसेल, केर्बिनच्या मानाने मात्र वाढलेला. हे चार आकडे स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय कंडक्टरची गोष्ट अंगात मुरत नाही.

या फेरीत कागदावरच्या गणिताप्रमाणे केर्बिनच्या मानाने वेग ६५० मी/सेच्या आसपास पोहोचतो. तिथून केर्बिनची पकड सोडायला ७६७ लागतो. म्हणजे कक्षा मोठी होते, पण यान सुटेलच असं नाही.

दुसऱ्या फेरीत नोड ८९० मी/से करा. फक्त ३५ जास्त, पण अपोअप्सिस २०,००० किलोमीटरवर जाते आणि यान मुनची कक्षा तिरपी कापतं. नोड थोडा सरकवून मुनची भेट वर जाताना, अपोअप्सिसच्या आधीच घडवून आणा. पुन्हा मागून, पुन्हा १५ किलोमीटर. या वेळी वेग ९०० मी/सेच्या घरात जातो आणि यान केर्बिनच्या प्रभावक्षेत्राबाहेर, सूर्याभोवतीच्या कक्षेत जातं. ३५ मी/सेचा मोबदला अडीचशेच्या पुढे. आता पुढच्या सगळ्या गणिताचा सूर तुम्हाला सापडला आहे.

केर्बिन सोडणं: सर्वांत महत्त्वाचे ९० मी/से

इथून पुढचे आकडे मी कक्षा वर्तुळाकार आणि एकाच प्रतलात धरून काढले आहेत. खेळात ते काही अंशांनी आणि काही मी/सेंनी इकडेतिकडे होतील, मार्ग तोच राहील.

होमानने ईव्हला जायला ८० किलोमीटरच्या कक्षेतून सुमारे १,०२५ मी/से लागतात. आपण १,११५ देणार आहोत. या ९० मी/सेने काय होतं ते बघा. सूर्याभोवतीच्या कक्षेचं आतलं टोक ईव्हच्या कक्षेच्या बरंच आत, ८६ लाख किलोमीटरपर्यंत जातं, तर ईव्ह ९८ लाखांवर आहे. यान ईव्हची कक्षा आत जाताना कापतं. त्या क्षणी ईव्हच्या मानाने वेग असतो २,२५० मी/से, आणि त्यातला जवळजवळ सगळा सूर्याच्या दिशेने, ईव्हच्या गतीला ८० अंशांत. कंडक्टरचा वेग ८४५ वरून २,२५० झाला आणि त्याचं तोंड आता ड्रायव्हरकडे नसून खिडकीकडे आहे. वळवायला ८० अंश मोकळे. ही तुमची खरी कमाई.

ईव्ह केर्बिनच्या सुमारे ५० अंश मागे असताना निघा. सूर्यमालेकडे उत्तरेकडून, म्हणजे वरून बघून अंदाज घ्या. होमानसाठी हा कोन ५४ असतो, त्यामुळे तयार ट्रान्सफर विंडो (निघायची योग्य वेळ, म्हणजे खिडकी) दाखवणारं साधन वापरलं तरी चालतं, फक्त तिथून थोडं पुढेमागे शोधावं लागतं. भेट ११६ केर्बिन दिवसांनी होते, होमानला १७० लागतात. खेळातला दिवस ६ तासांचा आहे हे विसरू नका.

नोड कुठे टाकायचा? आतल्या ग्रहाकडे जाताना केर्बिनच्या गतीच्या उलट दिशेने बाहेर पडायचं असतं. त्यासाठी यान रात्रीतून दिवसात आलं की पहाटेची रेषा ओलांडून सुमारे ३५ अंश पुढे नोड टाका. प्रोग्रेड (गतीच्या दिशेने द्यायचा जोर) वाढवत १,०२५ च्या पुढे न्या आणि बाहेर पडणारी रेषा केर्बिनच्या कक्षेला समांतर, मागच्या बाजूला जाते ना ते केर्बिनवर फोकस लावून पाहा. ती आत किंवा बाहेर झुकत असेल तर नोड कक्षेवरून मागेपुढे सरकवा, डेल्टा-व्ही वाढवू नका. ईव्हला टार्गेट केलं की भेटीच्या जवळ केशरी खुणा उमटतात. त्या एकमेकींवर येईपर्यंत प्रोग्रेड आणि वेळ आलटून पालटून बदला.

ईव्हची कक्षा २.१ अंश कललेली आहे. इथे एक गैरसमज पसरलेला आहे, म्हणून ठळकपणे सांगतो: फ्लायबायसाठी प्रतल जुळवायचं नसतं. तुम्हाला ईव्हबरोबर राहायचं नाही, एका क्षणी एका बिंदूवर तिला गाठायचं आहे. ती भेट ईव्हच्या असेंडिंग किंवा डिसेंडिंग नोडजवळ, म्हणजे दोन्ही कक्षांची प्रतलं एकमेकांना छेदतात तिथे, होईल अशी खिडकी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर निघतानाच्याच नोडमध्ये थोडा नॉर्मल (कक्षेच्या प्रतलाला काटकोनातला जोर) मिसळा, आणि त्यासाठी शंभरेक मी/से राखीव धरा.

इंजिन लहान असेल आणि जळण चार-पाच मिनिटांहून लांबत असेल तर ते तुकड्यांत करा. प्रत्येक वेळी पेरिअप्सिसला (कक्षेच्या सर्वांत जवळच्या टोकाला) थोडं जाळायचं आणि कक्षा लांबवत न्यायची. मंगळयानाने २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये पृथ्वीभोवती हेच केलं आणि १ डिसेंबरला मंगळाची वाट धरली. खेळात एवढंच सांभाळा की मधल्या कक्षांची अपोअप्सिस मुनच्या १२,००० किलोमीटरपर्यंत जाऊ द्यायची नाही, आणि शेवटचा तुकडा ठरलेल्या वेळेलाच आला पाहिजे.

वाटेतली दुरुस्ती

निघून वीस-तीस दिवस झाले की दुरुस्तीचा नोड टाका. लवकर केलेली दुरुस्ती स्वस्त पडते: इथला १ मी/से ईव्हजवळ हजारो किलोमीटरचा फरक पाडतो. त्यासाठी इंजिनाचा थ्रस्ट लिमिटर, म्हणजे जोराची मर्यादा, २ ते ५ टक्क्यांवर आणा, नाहीतर बटण दाबून सोडेपर्यंत यान दुसरीकडेच जातं. आरसीएस (यानावरचे छोटे थ्रस्टर) असेल तर तेच वापरा.

ईव्हवर फोकस लावा आणि पेरिअप्सिसच्या खुणेवर क्लिक करून आकडा तिथेच टिकवून ठेवा. आता तीन गोष्टी ठरवायच्या आहेत. प्रोग्रेड आणि रेडियलने (कक्षेच्या आत किंवा बाहेर दिलेल्या जोराने) यान ईव्हच्या पुढून जातं की मागून ते बदलतं, आपल्याला मागून हवंय. नॉर्मलने ते विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतं आणि बाहेर पडणारी कक्षा कलते. ईव्हनंतर तुमची कक्षा केर्बिनच्या प्रतलापासून कललेली दिसली तर ती इथेच, पेरिअप्सिस थोडी वरखाली सरकवून सरळ करा. तिथे ते जवळजवळ फुकट आहे, पुढे त्याचीच किंमत शेकड्यांत जाते.

तिसरी गोष्ट उंची. ईव्हचं वातावरण ९० किलोमीटरपर्यंत आहे. १०० किलोमीटरवरून गेलात तर शिल्लक वेग ८४ अंश वळतो, म्हणजे हव्या त्या ८० पेक्षा थोडा जास्तच. सूर्याभोवतीच्या कक्षेचं बाहेरचं टोक २ कोटी ६२ लाख किलोमीटरवर जातं, म्हणजे केर्बिनच्या बाहेरच्या ड्युना ग्रहाच्याही पलीकडे. ५०० किलोमीटरवरून गेलात तर ७० अंश वळतं आणि बाहेरचं टोक २ कोटी ५८ लाखांवर राहतं. तोटा नगण्य! २,००० किलोमीटरवरून मात्र फक्त ४४ अंश वळतं आणि २ कोटी १९ लाखांवर समाधान मानावं लागतं. म्हणून पहिल्या खेपेला वातावरणाला खेटून जायची हौस करू नका. २०० ते ३०० किलोमीटर ठेवा आणि ती उरलेली मोकळीक पुढची भेट जुळवायला वापरा.

प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडताना टाइम वॉर्प (खेळातला वेळ भराभर पुढे नेणं) ५० पटींवर आणा. मोठ्या वॉर्पमध्ये खेळाची पावलं इतकी लांब पडतात की यान सीमेच्या बरंच आत गेल्यावर नवीन कक्षा मोजली जाते आणि जुळवलेली पेरिअप्सिस हलते. माझी एक मोहीम याच कारणाने वाया गेली. ३०० किलोमीटरवर बसवलेली पेरिअप्सिस आत शिरल्यावर वातावरणात निघाली आणि नावाने ठेवलेला सेव्ह निघण्याच्या आधीचा होता. तेव्हापासून सीमेच्या एक तास आधीचा अलार्म मी चुकवत नाही.

केर्बिनची भेट जुळवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि मला सगळ्यात जास्त आनंदही इथेच मिळतो.

ईव्हहून सुटलेलं यान ६४ दिवसांनी केर्बिनच्या कक्षेवर येतं. तिथे केर्बिन नसतो. तो त्या बिंदूच्या ४१ अंश मागे असतो, तिथे यायला त्याला ४९ दिवस लागणार. नवे खेळाडू इथे मोठा नोड टाकून केर्बिनला गाठायला बघतात आणि मिळवलेलं सगळं घालवतात. त्याऐवजी वही काढा.

यान त्या बिंदूवर पुन्हा पुन्हा येणार आहे, दर ६४९ दिवसांनी, कारण तो त्याचा सूर्याभोवतीचा काळ आहे. केर्बिन त्या बिंदूवर ४९ व्या दिवशी आणि मग दर ४२६ दिवसांनी येणार. दोन ओळींत मांडा:

यान: ०, ६४९, १,२९९, १,९४८…
केर्बिन: ४९, ४७५, ९०१, १,३२७, १,७५३…

१,२९९ आणि १,३२७ जवळ आहेत. फरक २८ दिवसांचा, तोही दोन फेऱ्यांत वाटलेला. म्हणजे यानाचा काळ १४ दिवसांनी वाढवला की झालं. मोकळ्या अवकाशात त्यासाठी सुमारे ३६ मी/से लागतील. तोच प्रोग्रेड जोर ईव्हच्या पेरिअप्सिसला, जिथे यान ५,००० मी/सेने धावत असतं, तिथे दिला तर साधारण १६ मी/सेमध्ये काम होतं. खोल गुरुत्वात, जास्त वेगात असताना दिलेला धक्का जास्त उपयोगी पडतो, यालाच ओबर्थ परिणाम म्हणतात. आता ईव्हच्या पेरिअप्सिसवर नोड टाका, प्रोग्रेड १६ च्या आसपास ठेवून ०.१ ने हलवत जा, आणि दोन फेऱ्यांनंतरच्या केर्बिनच्या खुणा जवळ येताना बघा. नकाशा दुसरी फेरी दाखवत नसेल तर पुढच्या पेरिअप्सिसवर शून्य डेल्टा-व्हीचा एक रिकामा नोड टाका. त्याच्या पुढची फेरी नकाशावर उमटते.

तुमच्या खिडकीत आकडे वेगळे येतील. कदाचित तीन फेऱ्या लागतील, कदाचित ईव्हची उंची वाढवून काळ कमी करणं सोपं पडेल. पद्धत तीच: दोन ओळी, जवळचे दोन आकडे, फरक भागिले फेऱ्या. हाताने करायचा कंटाळा असेल तर केएसपी ट्रॅजेक्टरी ऑप्टिमायझेशन टूल नावाचा वेगळा प्रोग्राम अनेक फ्लायबायचे मार्ग शोधून देतो. मी स्वतः पहिली मोहीम वहीवरच करायला सांगेन.

जूलचाही विचार आत्ताच करायचा आहे. केर्बिनच्या फ्लायबायच्या दिवशी जूल केर्बिनच्या सुमारे ५७ अंश पुढे हवा. तो नसेल तर ईव्हकडे निघायची खिडकी बदला. ती दर ६८० दिवसांनी येते आणि प्रत्येक वेळी जूल वेगळ्या जागी असतो. म्हणून मी आखणी शेवटाकडून सुरू करतो: आधी जूलची जागा, मग केर्बिनच्या फ्लायबायची तारीख, मग त्यातून दीड हजार दिवस वजा करून निघायची तारीख.

केर्बिनचा फ्लायबाय

हा भाग लवकर उरकतो, कारण कठीण काम झालेलं आहे. यान केर्बिनजवळ ४,१०० मी/सेच्या आसपासच्या शिल्लक वेगाने येतं, जवळजवळ सरळ सूर्यापासून दूर जाण्याच्या दिशेने. इतक्या वेगवान यानाला केर्बिन फारसं वळवू शकत नाही. ७५ किलोमीटरवरून, वातावरणाच्या जेमतेम ५ किलोमीटर वरून गेलात तरी २७-२८ अंशच. पण शिल्लक वेग मोठा असल्यामुळे तेवढंही पुष्कळ आहे. मागून गेलं की बाहेरचं टोक साधारण ६ कोटी ४६ लाख किलोमीटरवर जातं.

जूल सरासरी ६ कोटी ८८ लाख किलोमीटरवर आहे. थोडक्यात हुकतं. दोन पर्याय आहेत. केर्बिनच्या पेरिअप्सिसला १०० मी/से प्रोग्रेड द्या, टोक ६ कोटी ९४ लाखांवर जातं आणि जूल आवाक्यात येतो. किंवा गॅलिलिओसारखं करा: या फ्लायबायमध्ये कक्षेचा काळ केर्बिनच्या वर्षाच्या पटीत, दोन किंवा तीन वर्षांचा बसवा, म्हणजे यान आणि केर्बिन पुन्हा त्याच बिंदूवर भेटतात आणि उरलेलं वळण तेव्हा मिळतं. गॅलिलिओच्या दोन पृथ्वीभेटींच्या मधली बरोबर दोन वर्षं त्याच हिशेबातून आली. इंधन अगदीच तुटपुंजं असेल तर दुसरा पर्याय घ्या. मी पहिला घेतो. १०० मी/से वाचवण्यासाठी आणखी दोन-तीन वर्षं आणि आणखी एक भेट जुळवणं मला पटत नाही.

वेळेचा हिशेब मोकळेपणाने मांडायला हवा. थेट जूलला ११२५ दिवस लागतात. या वाटेने केर्बिन सोडल्यापासून सुमारे २,५७५. लाइफ सपोर्टचा मॉड (अन्न, हवा मोजायला लावणारी खेळातली जोडभर) वापरत असाल तर माणसं घेऊन या वाटेने जाऊ नका. प्रोब, रिकामी इंधनटाकी, लँडर यांच्यासाठी ही वाट आहे.

जूलशी पोहोचल्यावर: टायलोच्या पुढून

आता वेग वाढवायचा नाही, मोडायचा आहे. जूलच्या वातावरणात शिरून वेग मारण्यात यान जळायचा धोका मोठा. त्यापेक्षा टायलो वापरा. त्याला वातावरण नाही, त्रिज्या केर्बिनएवढी ६०० किलोमीटर, आणि तो जूलभोवती २,०३० मी/सेने फिरतो. एवढी जड आणि स्वच्छ चेंडूसारखी वस्तू त्या सगळ्या मालेत दुसरी नाही.

जूलच्या प्रभावक्षेत्रात शिरायच्या बऱ्याच आधी, शंभर दिवस तरी आधी, दुरुस्तीचा नोड टाकून जूलभोवतीची पेरिअप्सिस टायलोच्या कक्षेएवढी, म्हणजे जूलच्या केंद्रापासून ६८,५०० किलोमीटरवर आणा. खेळ उंची जूलच्या पृष्ठभागापासून मोजतो, म्हणून त्यातून ६,००० वजा करून ६२,५०० दिसायला हवेत. फिरण्याची दिशा टायलोचीच ठेवा. मग प्रभावक्षेत्रात शिरल्याशिरल्या दुसरी दुरुस्ती करून टायलोची भेट जुळवा. आता यान टायलोच्या पुढून गेलं पाहिजे, २० किलोमीटर उंचीवरून.

टायलोजवळ यान जूलच्या मानाने ३,३६५ मी/सेच्या आसपास असतं. जूलची पकड सोडायला तिथे २,८७० लागतात, म्हणजे काही केलं नाही तर यान निघून जाणार. टायलोच्या मानाने शिल्लक वेग १,३३५, आणि २० किलोमीटरवरून तो ९२ अंश वळतो. कंडक्टर आता ड्रायव्हरकडून खिडकीकडे फिरला. जूलच्या मानाने वेग २,३९० वर येतो. एक थेंब इंधन न जाळता यान जूलच्या कक्षेत आलेलं असतं.

थेट आल्यावर जूलच्या मानाने जो वेग असतो तो धरून हे आकडे आहेत. तुम्ही तिरपे आलात तर तो थोडा जास्त असेल, तेव्हा टायलोच्या पेरिअप्सिसला रेट्रोग्रेड, म्हणजे गतीच्या उलट दिशेने, शंभरेक मी/से द्यायची तयारी ठेवा. नकाशात बाहेर जाणारी रेषा बंद लंबगोलात वळली की लगेच नावाने सेव्ह करा. ती लंबगोल कक्षा टायलोच्या कक्षेला अजून स्पर्श करतेय, त्यामुळे काही फेऱ्यांनी टायलो पुन्हा वाटेत येणार आहे. पुढचा नोड त्या भेटीसाठी टाका, पुन्हा पुढून.